मिलिंद, वीस इंचच बरोबर होते

मिलिंद, गेल्या शनिवारी बंदुका बनवणाऱ्या डेलच्या वर्कशॉपमध्ये उभं राहून मी तुला दिलेला शब्द मोडला. तुझ्या लेकीला, प्रज्ञाला, सांगून टाकलं. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर सांगता सांगता मी परत रायफलच्या बॅरलच्या लांबीवर घसरेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. माझी ही सवय तुझ्याइतकी कोणाला माहीत आहे?

मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या म्हणून निरोप आलाय. नागपूरहून अमेरिकेत कधी आलास, युनिव्हर्सिटीत कुठली लॅब सांभाळलीस, आंबेडकर जयंती आपल्या या स्टेट कॉलेज गावात पहिल्यांदा कोणाच्या अपार्टमेंटमध्ये झाली, असलं सगळं. ते लिहायला दुसरे आहेत, आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मला त्यातलं एक वाक्य लिहायचं म्हटलं तरी खुर्चीत बसवत नाही. उठतो, चहा टाकतो, तो तसाच ठेवून गॅरेजमध्ये जातो, तिथे काही काम नसतं.

रायफलचं लिहितो. आपलं या वर्षातलं सगळं बोलणं तिच्याभोवतीच झालं.

तू डावखुरा. इतकी वर्षं शेजाऱ्याची जुनी उजव्या हाताची रायफल घेऊन हरणाच्या सीझनला जायचास आणि प्रत्येक गोळीनंतर उलटा हात वरून टाकून पुढची गोळी भरायचा उजवीकडचा बोल्ट ओढायचास, शेजारच्याच्या दाराची कडी खिडकीतून काढावी तसा. मी हसायचो. तू म्हणायचास, "हस बे. जगच उजव्यायसाठी बनवलंय. सवय आहे आपल्याला." मी आयुष्यात एक गोळी झाडलेली नाही. तुझ्याबरोबर जंगलात यायचो तो थर्मास सांभाळायला. घरी माझ्या बायकोला मी हायकिंगला जातो म्हणून सांगायचो. तिला अर्थात माहीत होतं, हायकिंगहून येताना कोणी सावजी मसाल्यातलं हरणाचं मटण डब्यात घेऊन येत नाही.

त्या मटणावरून मंडळाच्या पॉटलकला, सगळे आपापला डबा आणतात त्या जेवणाला, झालेलं आठवतं? कुलकर्णी काका चिकनचा तुकडा तोडता तोडता म्हणाले, "मिलिंद, तुम्ही बुद्धाचे लोक ना रे? मग शिकार कशी चालते?" तू शांतपणे त्यांच्या ताटाकडे बघून म्हणालास, "काका, हे चिकन काय आत्महत्या करून आलं?" सगळे हसले, काकाही हसले. परत येताना गाडीत मात्र तू म्हणालास, "प्रश्न खरा आहे शिऱ्या. माह्याकडं उत्तर नाही त्याचं. पण त्यायनं विचारायचा नव्हता." मी रेडिओ लावला. पॉटलकमध्येही तेच. मी त्या टेबलाशी वाटी घेऊन उभा होतो आणि वाटीतच बघत होतो.

तर, वसंतात मी तुला हॉस्पिटलला घेऊन गेलो. वंदना वहिनींना ऑफिसातून निघता येत नव्हतं म्हणून मी. तू बाहेर आलास, गाडीत बसलास, बेल्ट लावलास आणि कॅन्सर कुठवर पोचलाय ते सांगितलंस. डॉक्टर वर्षाचं बोलत नव्हते, महिन्यांचं बोलत होते. मी गाडी सुरू करायला हात पुढे केला, तू तो धरलास. "वंदनाला आज सांगतो. पोरीला नाही सांगायचं. तू पण नाही."

"मिलिंद, तिला कळायला हवं यार."

"तिची आधीची नोकरी गेली, आता कुठं तिकडं कॅलिफोर्नियात सनीव्हेलला लागली. सांगितलं तर सगळं सोडून येईल अन् समोर बसून मला पाहत राहील. मला कोणी पाहत राहिलेलं नाही चालत. शब्द दे."

दिला. पार्किंगमधून बाहेर पडायला मागच्या गाडीने हॉर्न वाजवला होता, घाई होती, आणि खरं सांगायचं तर हो म्हटलं की विषय संपतो हे मला माहीत होतं.

थोड्या दिवसांनी तू म्हणालास, आता रायफल करून घ्यायची. आपल्या मापाची, डाव्या हाताची. मी विचारलं नाही की कशाला. सीझन थँक्सगिव्हिंगनंतर, नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होतो हे आपल्या दोघांनाही कळत होतं.

डेलचं वर्कशॉप म्हणजे दरीपलीकडे त्याच्या घरामागचं मोठं बार्न, जुनं धान्याचं कोठार. एका बाजूला अक्रोडाच्या फळ्या वाळत पडलेल्या, दुसऱ्या बाजूला लेथ, मध्ये डेल आणि त्याचा म्हातारा कुत्रा, जो फक्त तुझ्याच बुटांवर झोपायचा. डेलला स्वतःची मतं भरपूर आणि त्यातली निम्मी चुकीची. तो तुला वजनाला हलका म्हणून खांद्याला टेकवायचा दस्ता फायबरचा घे म्हणत होता. पावसात फुगत नाही, बर्फात वाकत नाही. मीही तेच म्हणत होतो, मी मेकॅनिकल इंजिनिअर, मला लाकडाचा भरवसा नाही. तू एक फळी उचललीस, त्यावर थुंकी लावलेलं बोट फिरवलंस, रेषा गडद झाल्या. "फायबरला हात लावला की ऑफिसच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटते," असं म्हणालास आणि तिथे विषय मिटला.

बॅरलचा, म्हणजे नळीचा, मात्र मिटला नाही. तुला वीस इंच हवी होती. मी चोवीसवर अडून बसलो. तू सांगत होतास की आपण हिंडतो त्या डोंगरावर लॉरेलची झुडपं इतकी दाट की लांब नळी दर पावलाला अडकते. हरीण दिसतं ते हाकेच्या अंतरावर, मैदानात नाही. मी गोळीच्या वेगाचे आलेख काढून आणले. नळी लांब तर वेग जास्त, पुढे जड असली की नेम स्थिर. फोनवर तेच, गाडीत तेच, तू सलाईन लावून पडला होतास तेव्हाही तेच. नर्सने विचारलं, तुम्ही दोघे भांडताय का? तू म्हणालास, "नो नो, ही इज माय इंजिनिअर."

आज लिहितो ते तेव्हा मला नीट कळत होतं, नव्हतं कळत असं नाही. तुला वीस हवी होती ती झुडपांसाठी नाही. किंवा फक्त झुडपांसाठी नाही. तुझा हात उचलत नव्हता. दंड माझ्या मनगटाएवढा झाला होता. वीसला हो म्हणणं म्हणजे तुझा तो वाळलेला दंड मान्य करणं, आणि ते मला जमत नव्हतं. म्हणून मी वेगाचे आलेख काढत राहिलो. तूही ते वाचत राहिलास, त्यात चुका काढत राहिलास. दोघं मिळून किती छान वेळ काढला आपण, नाही?

मग ऑगस्टमध्ये माप द्यायला गेलो. चापापासून दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकापर्यंतचं अंतर. डेलने आधीच बजावलं होतं, शिकारीला जे घालशील ते घालून ये, टीशर्टवर माप दिलं तर थंडीत दस्ता लांब पडतो आणि बगलेत अडकतो. तू ते कापूस भरलेलं जाडजूड जाकीट घालून ऑगस्टच्या उन्हात बार्नमध्ये उभा राहिलास. घाम हनुवटीवरून टपकत होता. जाकीट तुझ्यावर हँगरवर लटकावं तसं लटकत होतं. डेल टेप घेऊन जवळ आला, खांद्यावरचं कापड चिमटीत धरलं, ते मुठीत आलं. म्हणाला, हे तुझं नाहीच. कोणाचं घालून आलास?

"शिरीषचं," तू लगेच म्हणालास.

डेलने माझ्या पोटाकडे बघितलं, मान डोलवली आणि माप घेतलं. मीही माझ्या पोटावरून हात फिरवला. तू दिलेली थाप मी पुरी केली. जाकीट तुझंच होतं, मागच्या वर्षी तुला गच्च बसत होतं.

आणि तेव्हाच तुला ती युक्ती सुचली. तिथूनच प्रज्ञाला व्हिडिओ कॉल लावलास. ती ओरडली, "बाबा, इट्स ऑगस्ट! वेडा झालास का?" तू म्हणालास, "माप देऊन राहिलो बेटा, गनमेकरनं सांगितलं." ती हसली. तिला फक्त फुगीर जाकीट दिसलं आणि त्यात लालबुंद चेहरा. त्यानंतर दर रविवारी तू ते जाकीट घालून तिच्याशी बोललास. दस्त्याची सवय करतोय, खांद्याला कसं बसतंय ते बघतोय. जाकिटातून तू तिला दिसलाच नाहीस. एकदा तिने मला वेगळा फोन केला. "काका, बाबा ओके आहे ना? आवाज वेगळा येतो." मी म्हटलं, "अगं, रायफलच्या नादात झोपत नाही तो." हे कोणी मला सांगायला लावलं नव्हतं. तुझ्या शब्दात गप्प राहणं होतं, खोटं बोलणं नव्हतं. ते माझं माझं.

शेवटी ती आली तेव्हा तू बोलण्यापलीकडे गेला होतास. तिने हात हातात घेतला तर तो तिला ओळखू आला नाही, असं तिनेच नंतर सांगितलं.

तू गेल्यानंतरचं तुला माहीत असायचं कारण नाही. त्रिशरण झालं, लोक पांगले, आणि प्रज्ञा स्वयंपाकघरात वहिनींवर फुटली. "तुला माहीत होतं! ऑल समर!" वहिनी ओट्याला टेकून ऐकत राहिल्या. मग ती बाहेर आली, मी चपला शोधत होतो, आणि तिने मला मिठी मारली. म्हणाली, "तुला पण नाही सांगितलं ना काका त्याने? ही फूल्ड बोथ ऑफ अस." वहिनी दारात होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी प्रज्ञाच्या पाठीवर थोपटलं.

थोपटलं, मिलिंद. आईवर राग आणि मला मिठी. वहिनींच्या वाटची माया मी त्यांच्यासमोर घेतली. मी जिना उतरताना त्या फक्त म्हणाल्या, "सावकाश जा भाऊजी."

मग डेलचा फोन आला. रायफल अर्धी झालीय, बॅरल बसवलीय पण कापलेली नाही, दस्ता मागे मुद्दाम लांब ठेवलाय. पुढे काय करू? डाव्या हाताची आहे, माझ्याकडे सहज कोणी गिऱ्हाईक यायचं नाही. मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला घरात बंदूक नको. पण प्रज्ञाला विचारा, ती डावखुरी आहे. आणि भाऊजी, तुम्ही विचारा." त्या 'तुम्ही'त काय होतं ते मला कळलं.

प्रज्ञा म्हणाली, मला हवी. तूच शिकवलंस तिला शाळेत असताना, डब्यांवर नेम धरायला. ती शनिवारी आली. जाताना गाडीत सांगायचं असं मी ठरवलं होतं. गाडीत मी तिला हायवेच्या कामाबद्दल सांगितलं, तिच्या ऑफिसच्या शटल-बसबद्दल विचारलं, हिटर कमीजास्त केला. मग डेलचं बार्न आलंच.

त्याने दस्ता तिच्या खांद्याला लावला. फार लांब. पेन्सिल काढली, खूण करायला वाकला, आणि ती एकदम म्हणाली, "थांब." डेलला इंग्रजीत आणि मला मराठीत, एकाच वेळी बोलल्यासारखं. "इथे कापलं तर मग बाबाला बसणार नाही."

डेल पेन्सिल धरून उभा राहिला. ती थोडा वेळ दस्त्यावर हात ठेवून होती, मग म्हणाली, "ओके. कर." खूण झाली.

मग त्याने बॅरलचं विचारलं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "बाबाला किती हवी होती?"

"वीस."

"मग? कापली का नाही?"

"मी चोवीस म्हणत होतो."

"पण रायफल त्याची होती ना? तू का भांडत होतास?"

तिने सहज विचारलं होतं, मी नेहमीसारखे आकडे सांगेन या अपेक्षेने. माझ्याकडे आलेख तयारही होते, पहिलं वाक्य तोंडात आलं होतं. मी म्हटलं, "त्याचा हात उचलत नव्हता. मला ते बघायचं नव्हतं."

"कधी?"

"उन्हाळ्यात. त्याच्याही आधीपासून. मला माहीत होतं, प्रज्ञा. आईला कळलं त्याच दिवशी, आईच्या आधी."

मी मराठीत बोलत होतो, ती इंग्रजीत. डेलला फक्त तिची बाजू कळत होती. "यू न्यू." मग, "आय कॉल्ड यू. आय आस्क्ड यू." मग हळू आवाजात, "यू लेट मी हग यू." डेलने टेप बाकावर ठेवला, कुत्र्याला उठवलं आणि त्याला घेऊन बाहेर गेला, दार ओढून.

तू शब्द घेतला होतास असं मी तिला सांगितलं नाही. खूप वाटलं सांगावं. ते खरंही होतं. पण तेवढं तुझ्यावर ढकललं असतं तर मी पुन्हा सुटलो असतो.

परतताना तिने पुढचं दार उघडलं नाही. मागे बसली, टॅक्सीत बसतात तशी. मी आरशात बघायचं टाळत होतो. गावातल्या पहिल्या सिग्नलला म्हणाली, "एक विचारू? आई म्हणते तो शांत होता. एव्हरीबडी सेज पीसफुल. वॉज ही स्केअर्ड?"

मी गाडी एका बंद दुकानासमोर घेतली. सांगितलं तिला. सप्टेंबरमध्ये आपण डोंगरावर गेलो होतो ते. तुला सीझनची जागा बघायची होती. शेजाऱ्याची रायफल तू खांद्याला लावलीस आणि ती खाली आली, परत लावलीस, परत खाली आली. तू ओंडक्यावर बसलास. रायफल मांडीवर. समोर बघत म्हणालास, "शिऱ्या, भेव वाटून राहिलं बे."

"मग तू काय म्हणालास?" प्रज्ञाने विचारलं.

मिलिंद, मला तिथे काहीही सांगता आलं असतं. तिला खरं-खोटं करायला कोणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, "मी म्हणालो, चोवीसची घेतली तरी वजन फार तर पावशेर वाढेल."

"नो."

"हो."

"आणि बाबा?"

"म्हणाला, पावशेर काय कमी आहे का बे?"

मागून आवाज आला, मला वाटलं रडली. ती हसत होती. मग रडली, मग पुन्हा हसली, नाक पुसत म्हणाली, "ओह माय गॉड, यू टू." आणि थोड्या वेळाने, अगदी तुझ्यासारखी खिडकीबाहेर बघत, "आय ॲम नॉट ओके विथ यू, काका. खूप दिवस नसणार. पण अजून सांग. मला तो उन्हाळा माहीतच नाहीये."

मी सांगत राहिलो. सलाईनचं, नर्सचं, जाकिटाचं. जाकिटाचं सांगताना ती थांब म्हणाली, मी थांबलो, मग ती म्हणाली सांग. तिला घरी सोडलं तेव्हा वहिनी दारात आल्या. प्रज्ञा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली, मिठी नाही मारली, पण खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. मला आत या कोणी म्हटलं नाही. ते बरोबरच होतं.

बॅरल वीस इंचाला कापायला सांगितलीय तिने डेलला, फोनवरून, मला न विचारता. तू जिंकलास. तसा तू पहिल्यापासून बरोबर होतास, झुडपांचंही आणि हाताचंही.

शब्द मोडल्याची माफी मागणार नाही. मागितली असती तर ती त्या ओंडक्यावरची मागितली असती, पण माफीने तिथलं काही भरत नाही. तुला माझ्याकडून आकडा नको होता. तू इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी बोलून गप्प बसला होतास आणि मी बोलेन म्हणून वाट बघत होतास, हे मला तेव्हाही दिसत होतं. पानं पडायला सुरुवात झाली होती. मी थर्मासचं झाकण लावत होतो, काढत होतो.

मलाही वाटत होतं, मिलिंद. भेव. तुझ्यापेक्षा जास्तच वाटत असेल. तुझ्या शेजारी बसून मला एवढंच म्हणायचं होतं.